सात कागद, एक तास

फेब्रुवारी उजाडला की इथल्या मराठी घरांत एकच चर्चा असते: पुढच्या वर्षी मुलांनी विषय कोणते घ्यायचे. गेल्या शनिवारी न्यू जर्सीत माझ्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर हायस्कूलचा तो फॉर्म होता. भाची नववीत आहे. दहावीसाठी तिने ‘एपी युरोपियन हिस्ट्री’समोर खूण केली होती. भाऊजींनी चष्मा लावला, खूण पाहिली आणि विचारलं, “याचा उपयोग काय?”

ताईने भात वाढता वाढता री ओढली, “दादाने घेतला होता की हा विषय. काय पडलं पदरात?”

दादा म्हणजे माझा भाचा. दोन वर्षांपूर्वी त्याला या विषयात तीन मिळाले. पाचपैकी तीन. तेव्हापासून त्या घरात तो विषयच नापास झालेला आहे.

त्या वर्षी दर गुरुवारी संध्याकाळी मी भाच्याबरोबर अभ्यासाला बसत होते. त्या वर्गाने त्याला काय दिलं ते मी जवळून पाहिलं आहे. जेवता जेवता पाच मिनिटांत ते सांगून होत नाही. म्हणून इथे सांगते.

*

ज्यांच्या घरी हा फॉर्म अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. एपी म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास. कॉलेज बोर्ड ही संस्था अभ्यासक्रम आखते आणि मे महिन्यात परीक्षा घेते. निकाल १ ते ५ असा. युरोपच्या विषयात सुमारे १४५० पासून आजपर्यंतचा काळ येतो. प्रबोधन आणि सागरी सफरींपासून सुरुवात, मग धर्मसुधारणा, राजेशाह्या, वैज्ञानिक क्रांती, फ्रेंच राज्यक्रांती, कारखाने, राष्ट्रवाद, दोन महायुद्धं आणि शीतयुद्धापासून पुढे आजवर. एकूण नऊ भाग.

परीक्षा सव्वातीन तासांची. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न. ४० मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न. शेवटी ४० मिनिटांचा एक निबंध. आणि मधे एक तास, ज्याला मुलं डीबीक्यू म्हणतात.

डीबीक्यू म्हणजे कागदांवर बेतलेला प्रश्न. एक प्रश्न आणि सात कागद. एखादं पत्र, एखादं भाषण, एखादं व्यंगचित्र, एखाद्या बाईची रोजनिशी, एखाद्या सरदाराचा अर्ज. पंधरा मिनिटं वाचायला, पाऊण तास लिहायला. मुलाने स्वतःचं म्हणणं मांडायचं आणि ते त्या कागदांच्या आधारे सिद्ध करायचं. शिवाय काही कागदांबद्दल सांगायचं की हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या प्रसंगी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि त्यामुळे काय फरक पडतो.

या विषयाचा जीव त्या एका तासात आहे. बाकीचं सगळं त्या तासाची तयारी.

*

माझी शाळा साताऱ्याची. आमचा इतिहास म्हणजे सनावळी. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, टिपा लिहा, कारणे द्या. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं आमच्या वहीत पाच होती. मी वाचनालयातलं एक पुस्तक वाचून सहावं कारण लिहिलं: १७८८ ची गारपीट, बुडालेलं पीक आणि पावाचा चढलेला भाव. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, “पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं.”

ती रेघ मला अजून दिसते. गुण गेल्याचं दुःख केव्हाच विरलं. डाचतं ते दुसरंच. त्या वर्गात चाळीस मुली होत्या आणि त्या दिवशी सगळ्यांना कळलं की इतिहास हा कोणीतरी आधीच लिहून संपवलेला असतो. आपण फक्त उतरवून काढायचा.

माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं असंच झालं. आम्हाला उत्तरं पाठ होती. हे उत्तर कोणी ठरवलं, कशाच्या जोरावर ठरवलं, हे विचारायचं असतं हेच कोणी सांगितलं नाही. पुढे आम्ही इंजिनियर झालो, डॉक्टर झालो, बँकेत लागलो. सवय तीच राहिली. छापलेलं दिसलं की खरं.

म्हणूनच “इतिहास काय, पाठ केला की झालं” असं इथले पालक म्हणतात तेव्हा मला राग येत नाही, वाईट वाटतं. ते त्यांचा इतिहास तसाच शिकलेले आहेत.

*

आता एका गुरुवारची गोष्ट.

सरावाच्या गठ्ठ्यात औद्योगिक क्रांतीचे कागद होते. त्यातला एक एलिझाबेथ बेंटलीच्या साक्षीचा. साल १८३२. ब्रिटिश संसदेचे सभासद मायकेल सॅडलर यांच्या समितीपुढे ती बोलते आहे. वय २३, राहणार लीड्स. वयाच्या सहाव्या वर्षी ती जवसाच्या सुताच्या गिरणीत लागली. काम डॉफरचं: भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची. गिरणगावात वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. कामाची गर्दी असली की पहाटे पाच ते रात्री नऊ. एरवी सकाळी सहा ते संध्याकाळी सात. जेवायला दुपारी चाळीस मिनिटं. हात मंदावला की पट्ट्याचा मार. आणि एवढ्या वर्षांनी वाकडं झालेलं शरीर.

भाचा वाचून गप्प बसला. मग लिहायला लागला. सॅडलर यांना कामाचे तास कमी करणारा कायदा हवा होता. साक्षीदार त्यांनीच आणले. साक्षी शपथेवर घेतल्या नव्हत्या. म्हणून हा कागद पक्षपाती आहे. एवढं लिहून त्याने पेन्सिल खाली ठेवली. परीक्षेचा तेवढा गुण त्याने कमावला होता.

मी विचारलं, “मग ती सहा वर्षांची नव्हती का?”

तो माझ्याकडे बघत राहिला.

गिरणी मालकांनी तेव्हा हीच तक्रार केली होती. आमची बाजू ऐकलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १८३३ मध्ये दुसरा आयोग नेमला गेला. आणि त्याच वर्षी कायदा झाला: कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालचं मूल कामावर ठेवायचं नाही, अपवाद फक्त रेशमाच्या गिरण्यांचा. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासच काम. त्यावर लक्ष ठेवायला सरकारचे चार निरीक्षक. मालकांची बाजू ऐकूनही पोरं राबत होती हे कोणाला पुसता आलं नाही.

म्हणजे साक्ष एका बाजूला कललेली होती आणि पोर खरंच सहा वर्षांची होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदात. कागदाचा कल ओळखायचा तो त्यातलं किती आणि कुठे धरून चालायचं हे कळावं म्हणून. कल सापडला की कागदच फेकून द्यायचा, हा आळस आहे. आणि कल असतो हेच माहीत नसणं, हे भोळेपण. आपली बरीचशी भांडणं या आळसाची आणि या भोळेपणाची आहेत.

भाच्याने ते वाक्य खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तो जे शिकला ते कुठल्याही फ्लॅशकार्डावर मावत नाही.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक ओळ होती. डिसेंबर १८३२ च्या निवडणुकीत लीड्समधून सॅडलर पडले. जे दोघे निवडून आले त्यांतला एक थॉमस मेकॉले. भाच्याने ते नाव ओळखलं आणि समासात त्याभोवती पेन्सिलने गोल काढला. त्या गोलाकडे मी पुन्हा येणार आहे.

*

घरी परतताना माझ्या डोक्यात मुंबई होती.

लीड्सची गोष्ट लीड्सला संपत नाही. १८७० नंतर लँकेशायरचे गिरणीवाले इंग्लंडमधून मागणी करू लागले की हिंदुस्थानातल्या गिरण्यांनाही कारखान्याचा कायदा लावा. त्यांना मुंबईच्या पोरांची कणव होती असं कोणी छातीठोकपणे म्हणू नये. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर माल काढत होत्या आणि तो लँकेशायरला जड जात होता. १८८१ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा.

मागणाऱ्यांचा हेतू स्वार्थी. पण सहा वर्षांच्या मुलाला कायद्याने साच्यापासून दूर ठेवलं, हेही खरं. पुन्हा तेच: दोन्ही एकाच कागदात.

आणि मग १८८४. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे. पुढे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली.

लँकेशायरच्या मालकांचा कागद, मुंबईच्या मालकांचा कागद आणि लोखंड्यांचा कागद. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच गिरणीच्या तीन गिरण्या दिसतील. अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकात हे तीन कागद नाहीत. पण ते कसे वाचायचे हे त्या वर्गात शिकवतात, आणि मला साताऱ्यात ते कोणी शिकवलं नव्हतं.

*

भाऊजींचा दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेते. ते म्हणाले, “अगं, गोऱ्यांचा इतिहास शिकून आपल्या पोरीने करायचं काय?”

आक्षेपात तथ्य आहे. हा अभ्यासक्रम १४५० पासून सुरू होतो आणि त्यात आपण येतो ते त्यांचं जहाज आलं की. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा पुस्तकात हिंदुस्थान उगवतो. गोवा १५१० मध्ये पोर्तुगिजांनी घेतलं, तेव्हा गोवा उगवतं. त्याआधी तिथे माणसं नव्हती असं कोणी म्हणत नाही, पण चौकटीत ती दिसत नाहीत.

ही चौकट किती महत्त्वाची असते ते २०१८ मध्ये दिसलं. कॉलेज बोर्डाने ठरवलं की जगाच्या इतिहासाचा एपी विषयही १४५० पासूनच सुरू करायचा. शिक्षक आणि विद्यार्थी खवळून उठले. म्हणजे युरोपची जहाजं पोचण्याआधीचं आफ्रिका, आशिया, अमेरिका पुसून टाकायचं का, असा त्यांचा सवाल होता. बोर्ड मागे सरलं आणि सुरुवात १२०० वर आली. एका आकड्यासाठी झालेलं ते भांडण योग्यच होतं. सुरुवात कुठे करायची हे ठरवणारा अर्धी गोष्ट तिथेच ठरवून टाकतो.

पण चौकट ओळखता येते ती आत शिरून पाहणाऱ्याला. भाचीने तो वर्ग टाळला तर तिला चौकट कधी दिसणारच नाही.

आणि आत शिरलं की काय काय सापडतं! इंग्लंडच्या प्रकरणात दुसरा चार्ल्स येतो. क्रॉमवेलच्या राजवटीनंतर १६६० मध्ये पुन्हा गादीवर बसलेला राजा. अमेरिकन मुलासाठी तो एक परिच्छेद. मराठी मुलीसाठी तो मुंबई आहे. १६६१ च्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर, कॅथरिन ऑफ ब्रगांझाबरोबर, मुंबई बेट त्याला आंदण मिळालं. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. वर्गात हे सांगणारी मुलगी बसलेली असेल तर त्या परिच्छेदाचा अर्थ सगळ्या वर्गासाठी बदलतो.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या प्रकरणात थॉमस पेन येतो. त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास पुण्यात वाचलं. वय विशीचं. पुढच्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या माणसांना अर्पण केलं. युरोपात कोणी काय लिहिलं ते जोतीरावांनी वाचलं, पारखलं आणि आपल्या घरातल्या अन्यायावर वापरलं. गोऱ्याचं पुस्तक वाचून मी काय करू, असं ते विचारत बसले असते तर?

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात इटलीची आघाडी येते. तिथे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे एक तर पडले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, तो घेतला आणि तिथेच गोळी लागून गेले. वय २२. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान, माणगाव तालुक्यातला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ‘युरोपियन’ हे नाव असलेल्या इतिहासात रायगडचा एक मुलगा इटलीच्या मातीत पडलेला आहे. तो गोऱ्यांचा इतिहास की आपला?

आपल्या मुलांनी त्या वर्गात हात वर करून हे सांगावं, असं मला वाटतं. त्यासाठी आधी त्या वर्गात बसावं लागेल.

*

आता काही ठोसे, आणि तेही ज्यांना लागायला हवेत त्यांनाच.

पहिला, शिकवणीवाल्यांना. डीबीक्यूच्या निबंधाला सात गुण असतात. मांडणीला एक, संदर्भाला एक, पुराव्याला तीन, विश्लेषणाला दोन. हे कळलं की शिकवणीत साचे तयार होतात. ‘लेखक श्रीमंत असल्यामुळे त्याचा दृष्टिकोन एकांगी आहे.’ हे वाक्य कुठल्याही कागदाला चिकटवा, गुण घ्या, पुढे चला. म्हणजे साताऱ्यातली पाच कारणं अमेरिकेत येऊन सात झाली, एवढंच. गुणांची फूटपट्टी शिक्षकाच्या हातात असावी. मुलाच्या हातात कागदच द्या.

दुसरा, शाळांना. नऊ भाग मे महिन्याच्या आत संपवायचे म्हणून कित्येक वर्गांत दोन दिवसांत फ्रेंच राज्यक्रांती उरकली जाते. सगळं थोडं थोडं शिकवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एक कागद पूर्ण वाचून घ्या. एलिझाबेथ बेंटलीसाठी एक तास काढा. ज्याने एक कागद नीट वाचला तो दुसरा आपला आपण वाचतो.

तिसरा, आम्हा पालकांना आणि मावश्या-काकांना. वेटेड जीपीए, म्हणजे अवघड विषयांना जादा वजन देणारी गुणांची सरासरी, किती वर जाईल, याचा हिशेब आपण मुलाच्या जन्मापासून करतो. त्याने या वर्षी स्वतःहून किती प्रश्न विचारले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. भौतिकशास्त्र घे, कम्प्युटर सायन्स घे, जरूर घे. पण ज्या मुलीने स्वतःच्या हाताने इतिहासासमोर खूण केली आहे, तिची खूण खोडू नका. आणि ज्या मुलाला मनापासून नको आहे, त्याच्यावर केवळ ‘एपी’ची संख्या वाढावी म्हणून तो लादूही नका. दोन्हीकडे आपण मुलाचंच ऐकायचं आहे.

*

राहिले भाच्याचे तीन.

तीनवर काही कॉलेजं क्रेडिट देतात, काही चार किंवा पाच मागतात, काही देतच नाहीत. भाच्याला क्रेडिट मिळालं नाही. त्या हिशेबात वर्ष वाया गेलं, हे मी मान्य करते.

आता तो समासातला गोल.

गेल्या दिवाळीत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर आला. तुमच्याही ग्रुपवर आलेला असणार. २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश संसदेत मेकॉलेचं भाषण: मी हा देश आडवा-उभा फिरलो, भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, या लोकांचा कणा मोडायचा तर त्यांचं शिक्षण आणि संस्कृती मोडायला हवी, अशा आशयाचं. आमच्या एका वडीलधाऱ्या काकांनी पाठवला होता. खाली नमस्काराच्या खुणांची रांग लागली.

भाच्याने लिहिलं, “काका, हे कुठल्या पुस्तकातून घेतलंय? मेकॉले १८३४ मध्येच हिंदुस्थानात पोचला होता. फेब्रुवारी १८३५ मध्ये तो कलकत्त्यात होता. मग त्या दिवशी तो लंडनला संसदेत कसा बोलला?”

ग्रुप शांत झाला.

मग त्याने दुसरा निरोप टाकला. तारीख खरी आहे, कागद खोटा आहे. त्याच तारखेला मेकॉलेने कलकत्त्यात शिक्षणावरचं आपलं टिपण लिहिलं, सरकारसाठी. त्यात त्याने म्हटलं आहे की युरोपातल्या एका चांगल्या ग्रंथालयाचं एकच फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानातल्या साऱ्या साहित्याच्या तोडीचं आहे. ते टिपण आजही वाचायला मिळतं. राग यायला तेवढं पुरेसं आहे. त्यासाठी बनावट भाषणाची गरज नाही.

मी ते वाचत होते आणि मला तो गुरुवार दिसत होता. कोणी लिहिला, कधी लिहिला, तेव्हा तो माणूस कुठे होता. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: हा कागद कोणासाठी लिहिलेला आहे? ते खोटं भाषण इंग्रजांसाठी लिहिलेलंच नाही. ते आपल्यासाठी लिहिलेलं आहे, आपल्याला बरं वाटावं म्हणून. आपल्याकडे भिकारी नव्हते, चोर नव्हते, सारं सोन्याचं होतं, हे वाचून सुखावणाऱ्या माणसाला मग फुल्यांची ‘गुलामगिरी’ वाचायची गरज वाटत नाही. लोखंड्यांचं निवेदन आठवत नाही. खोट्या कागदाचं खरं नुकसान ते आहे.

काका दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला वेगळा निरोप पाठवला: ते मूळ टिपण मला पाठव, चष्म्याचा नंबर वाढलाय, अक्षर मोठं करून पाठव. भाच्याने पाठवलं. ७६ वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मेकॉले मुळातून वाचला, तो एका तीन गुणांच्या मुलामुळे.

भाऊजी, तुम्ही विचारलंत उपयोग काय. तो निरोप तुमच्याही फोनवर आहे, पुन्हा एकदा उघडा. ज्या घरात असा एक मुलगा असतो त्या घराला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही. पुढच्या चाळीस वर्षांत आपल्या मुलांच्या हातात कागदच कागद पडणार आहेत: जाहीरनामे, करार, बातम्या, औषधांच्या जाहिराती, नेत्यांची भाषणं, आणि आता यंत्राने लिहिलेले मजकूर. त्यांतला कुठला किती धरायचा, हे सांगायला तिथे तुम्ही नसाल, मी नसेन. तुमच्या लेकीला स्वतःलाच विचारावं लागेल. तो विचारायचा सराव या वर्गात एका तासात सात वेळा होतो.

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. खूण तिने केलेली आहेच. खाली पालकांची सही तेवढी राहिली आहे.